जुन्या दागिन्याचा अर्थ कसा वाचावा

प्रश्न असा आहे की, वेगवेगळ्या संस्कृतींमधील ऐतिहासिक दागिने पाहताना त्यांचे सौंदर्य सहज जाणवते, पण त्यांवरील सर्प, पक्षी, फुले आणि रंगीत खडे यांचा अर्थ कसा ओळखावा, आणि अमुक चिन्ह म्हणजे अमुक अर्थ अशी काही पक्की यादी उपलब्ध आहे का. अशा याद्या पुष्कळ सापडतात, पण मी त्यांच्यावर विसंबत नाही. धातूच्या आणि रत्नांच्या जुन्या वस्तूंचे जतन करण्याच्या कामात माझी तीस वर्षे गेली आहेत आणि या काळात माझे एक मत पक्के होत गेले आहे. दागिन्याचा अर्थ त्यावर कोरलेल्या चिन्हापेक्षा तो कशाचा घडवला, कसा घडवला, अंगावर कोठे आणि कोणत्या बाजूने घातला आणि किती झिजला, यांत अधिक असतो. चिन्ह शेवटी पाहावे.

सर्पाचेच उदाहरण घेऊ. इजिप्तच्या राजाच्या कपाळावर फणा काढलेला नाग असे, तो शत्रूंवर आग ओकून राजाचे रक्षण करणारा मानला जाई. रोमन घरांतील देवघराच्या भिंतींवर रंगवलेला सर्प घराचा राखणदार होता, आणि त्याच जगातील स्त्रिया सर्पाकृती वाक्या व अंगठ्या वापरत. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाला तिच्या वाङ्निश्चयाच्या वेळी मिळालेली अंगठीही पाचू जडवलेल्या सर्पाची होती, आणि तिथे त्याचा अर्थ अखंड टिकणारे प्रेम असा होता. राखणदार, दाहक आणि प्रेमिक असा एकच सर्प तीन ठिकाणी तीन रूपांत भेटतो. मात्र वाकी आणि अंगठी यांत एक गोष्ट समान आहे: सोन्याची जाड तार मनगटाभोवती किंवा बोटाभोवती वळवली की तिला आपोआप वेटोळे पडते, आणि एका टोकाला डोके व दुसऱ्याला शेपटी देण्याचा मोह कोणत्याही काळातील कारागिराला होणारच. म्हणजे आकार हाताने आणि धातूने सुचवला, आणि अर्थ त्या त्या समाजाने त्यात भरला. हा क्रम लक्षात ठेवला की पुढचे बरेच गैरसमज टळतात.

माझ्याकडे एखादा हार तपासणीसाठी आला की मी प्रथम मण्यांचे वेज भिंगाखाली पाहते. न वापरलेल्या मण्याच्या वेजाची कड तीक्ष्ण असते. वर्षानुवर्षे गळ्यात राहिलेल्या मण्याची कड मात्र दोऱ्याने घासून गोलसर झालेली असते, बहुधा एकाच बाजूला जास्त, कारण हार लोंबताना भार त्या बाजूला येतो. शेजारच्या मण्याशी घासून पडलेला छोटासा सपाट ठसाही दिसतो. ही झीज वाचता आली तर लिखित पुरावा नसतानाही पुष्कळ काही कळते. दक्षिण आफ्रिकेतील ब्लोम्बोस गुहेत सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचे लहान शिंपल्यांचे मणी सापडले. त्यांच्यावरील झिजेवरून ते दोऱ्यात ओवलेले होते हे तर कळलेच, शिवाय त्या गुहेतील खालच्या आणि वरच्या थरांतील मण्यांची झीज वेगळी असल्यामुळे ओवण्याची पद्धत काळाच्या ओघात बदलली हेही ध्यानात आले. मोरोक्कोतील बिझमून गुहेतील असे मणी तर १,४२,००० ते १,५०,००० वर्षांपूर्वीचे आहेत. त्या माणसांची भाषा आपल्याला ठाऊक नाही, त्यांचे देव ठाऊक नाहीत, पण जवळच्या माणसाने ओळखावे असे काही तरी ती गळ्यात घालत होती, एवढे त्या इवल्याशा भोकाच्या कडेवरून निश्चित म्हणता येते.

आता जिन्नसाकडे वळू. इजिप्तमधील गेर्झेह येथील एका थडग्यातून १९११ मध्ये नऊ लोखंडी मणी मिळाले, ते सुमारे इसवी सनपूर्व ३२०० मधील आहेत. त्या काळी खनिजापासून लोखंड गाळण्याची विद्या तेथे नव्हती. हे लोखंड उल्केचे होते, आणि ठोकून पातळ पत्रा करून, तो नळीसारखा गुंडाळून त्याचे मणी केलेले होते. सोने, लाजवर्द हा गडद निळा दगड आणि अकीक हा लालसर दगड यांच्याबरोबर ते एकाच माळेत ओवलेले होते. आज लोखंडाचा मणी आपण क्षुल्लक समजू, पण पुढच्या काळातील इजिप्शियन भाषेत लोखंडाला ‘आकाशाचे लोखंड’ असा शब्द आढळतो. जिन्नस दुर्मीळ होता, तो कोठून येतो याविषयी निश्चित कल्पना होती, आणि मोल त्या कल्पनेचे होते.

त्याच देशातील तुतनखामेन राजाच्या थडग्यातून, जे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांनी १९२२ मध्ये शोधले, एक उरावरील पदक निघाले. त्याच्या मध्यभागी पिवळसर हिरव्या, अर्धपारदर्शक जिन्नसातून कोरलेला भुंगा आहे. कार्टर यांनी तो एक प्रकारचा गारगोटीवर्गीय दगड मानला होता. तो लिबियाच्या वाळवंटातील नैसर्गिक काच आहे हे विसाव्या शतकाच्या शेवटी स्पष्ट झाले. ही काच सुमारे २ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी एका प्रचंड उष्णतेच्या घटनेत वाळू वितळून बनली. शेणाची गोळी ढकलणारा भुंगा इजिप्शियनांना रोज सूर्याला पुढे ढकलणाऱ्या आणि नव्याने जन्म घेणाऱ्या शक्तीचे रूप वाटे. त्या भुंग्यासाठी उन्हात धरल्यावर आतून उजळणारा जिन्नस निवडणाऱ्या कारागिराची नजर मला थक्क करते. दगडाचे रसायन त्याला माहीत नव्हते, पण त्यातून उजेड कसा जातो हे तो अचूक जाणत होता.

इजिप्तच्या रंगांविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. तुतनखामेनच्या प्रसिद्ध मुखवट्यावरील शिरोवस्त्राचे निळे पट्टे काचेचे आहेत, तर डोळ्यांभोवतीची निळी रेघ लाजवर्दाची आहे. हे पाहून काही जण विचारतात की राजासाठी नकली माल का वापरला. पण तेथे काच ही नकली वस्तू नव्हती. भट्टीत निळा रंग निर्माण करणे ही राजाश्रयाने चालणारी, मोजक्या हातांतील विद्या होती. निळा म्हणजे आकाश आणि पाणी, हिरवा म्हणजे उगवणारे रोप आणि पुन्हा येणारा जीव, तांबडा म्हणजे रक्त आणि चैतन्य, असा त्यांचा हिशोब होता. रंग खरा असला की त्याचे काम होत असे, मग तो अफगाणिस्तानातील बदख्शानच्या डोंगरातून आलेला दगड असो वा भट्टीतून निघालेली काच.

जेडच्या बाबतीत मी थोडी रेंगाळणार आहे, कारण ज्यांचा एकमेकांशी काहीही संपर्क नव्हता अशा संस्कृतींनी जवळजवळ एकाच प्रकारच्या दगडाला सोन्याहून वरचे स्थान दिले, हे मला आजही विलक्षण वाटते. जेड या नावाखाली प्रत्यक्षात दोन खनिजे येतात, नेफ्राइट आणि जेडाइट. ती वेगळी आहेत हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ दामूर यांनी १८६३ मध्ये दाखवले. नेफ्राइट सूक्ष्म तंतूंच्या घट्ट विणीने बनलेले असते, त्यामुळे ते हातोडीने सहज फुटत नाही आणि छिन्नीने कोरता येत नाही. ते फक्त घासता येते, म्हणजे दोरी किंवा लाकडी पात्याखाली त्याहून कठीण वाळू आणि पाणी घालून, दिवसेंदिवस. चीनमधील लियांगझू संस्कृतीत, इसवी सनपूर्व ३३०० ते २३०० या काळात, अशा घासण्यातून मधे गोल पोकळी असलेले चौकोनी स्तंभ आणि गोल चकत्या तयार झाल्या व त्या थडग्यांत ठेवल्या गेल्या. पुढे कन्फ्यूशियन परंपरेत सज्जनाच्या गुणांची तुलना जेडशी होऊ लागली: त्याची स्निग्ध चमक म्हणजे करुणा, कडा असूनही न कापणे म्हणजे न्यायबुद्धी, आणि आतला डाग न लपवणे म्हणजे प्रामाणिकपणा. कमरेला लटकवलेल्या जेडच्या तुकड्यांचा आवाज चालण्याच्या लयीला आवर घालत असे, घाईने चालणाऱ्याचा दागिना बेसूर वाजे. प्रतीक कानाला ऐकू येते आणि अंगाला वळण लावते, हे यावरून समजते. काचेच्या कपाटातील निःशब्द वस्तूत ही बाजू हरवते.

मध्य अमेरिकेत माया लोकांनी ग्वातेमालाच्या मोतागुआ खोऱ्यातील जेडाइट वापरले. मृताच्या तोंडात जेडचा मणी ठेवण्याची प्रथा होती, कारण हा हिरवा, गार, ओलसर भासणारा दगड श्वासाशी आणि मक्याच्या कोवळ्या पातीशी जोडलेला होता. १९५२ मध्ये मेक्सिकोतील पालेंके येथील पाकाल राजाच्या थडग्यातून त्याचा जेडच्या तुकड्यांचा मुखवटा सापडला. स्पॅनिश लोक तेथे आले तेव्हा त्यांना सोने हवे होते, आणि सोन्याच्या असंख्य वस्तू त्यांनी मुशीत घालून विटा केल्या. जेड मात्र त्यांनी मूत्रपिंडाच्या व कमरेच्या दुखण्यावरील औषधी दगड मानले, आणि ‘जेड’ हा शब्द स्पॅनिशमधील त्याच अर्थाच्या नावावरून आला. एकाच खड्यात एकाला श्वास दिसला, दुसऱ्याला दुखण्यावरचा उतारा.

न्यूझीलंडच्या माओरींकडे हिरव्या नेफ्राइटला पोउनामू म्हणतात. त्यातून केलेली हेइ-तिकी ही मानवाकृती छातीवर घातली जाते आणि पिढ्यानपिढ्या पुढे जाते. अंगावर राहून तिच्या कडा गुळगुळीत होतात, आणि ज्यांनी ती घातली त्यांच्या प्रतिष्ठेने तिचे मोल वाढते अशी श्रद्धा आहे. आपण सामान्यतः झीज म्हणजे नुकसान समजतो, तेथे झीज ही वस्तूची कमाई आहे. माझ्या कामात हा दृष्टिकोन मला फार उपयोगी पडला.

दक्षिण अमेरिकेतील धातुकाम समजून घेताना युरोपीय सोनारकामाचे मापदंड बाजूला ठेवावे लागतात. तेथील कारागीर सोने आणि तांबे यांचा मिश्रधातू वापरत. वस्तू ओतून किंवा ठोकून तयार झाली की ती पुन्हा पुन्हा तापवत, त्यामुळे पृष्ठभागावरील तांब्यावर काळा थर येई, आणि तो आंबट वनस्पतिरसांनी वा क्षारांनी धुऊन काढत. वरचे तांबे असे निघून गेले की पृष्ठभागावर जवळजवळ शुद्ध सोने उरे. युरोपीय डोळ्यांना हा मुलामा वाटला आणि काहींना फसवणूकही. पण मुलाम्यात बाहेरून काही तरी चढवले जाते, इथे मात्र आत असलेले सोनेच वर आणले जाते. या रीतीवर काम केलेल्या अभ्यासकांचे म्हणणे असे की वस्तूचे अंतरंग तिच्या पृष्ठभागावर प्रकट झाले पाहिजे ही तेथील धारणा होती, आणि मला ते पटते, कारण एवढे कष्ट घेण्यापेक्षा वर पत्रा चढवणे कितीतरी सोपे गेले असते. पेरूमधील सिपान येथे १९८७ मध्ये वॉल्टर आल्वा यांनी उत्खनन केलेल्या, प्राचीन मोचे संस्कृतीतील सरदाराच्या थडग्यात भुईमुगाच्या शेंगांच्या आकाराच्या मोठ्या मण्यांचा हार होता, दहा सोन्याचे आणि दहा चांदीचे. सोन्याचे उजवीकडे, चांदीचे डावीकडे. सूर्य आणि चंद्र, अशी दोन अर्धांची मांडणी त्या एका देहावर होती. हे मणी सुटे सापडून नंतर कोणी मन मानेल तसे ओवले असते, तर हा अर्थ कायमचा गेला असता.

ही भीती काल्पनिक नाही. मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, ऊर येथे उत्खनक लिओनार्ड वुली यांना राणी पुआबीचे थडगे मिळाले, त्यात सोन्याची पाने, लाजवर्द आणि अकीक यांचे शिरोभूषण होते. त्यात लहान सोनेरी प्राणी आणि लाजवर्दाचे असंख्य मणी असलेला एक भाग वुली यांनी एकच पट्टा समजून ओवला. पुढच्या अभ्यासकांनी मूळ नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा ते वेगवेगळे दागिने असावेत असे दिसले. वुली अत्यंत काळजीपूर्वक काम करणारे उत्खनक होते, तरी दोरा कुजून गेल्यावर क्रम ठरवताना माणसाच्या मनातील दागिन्याची कल्पना आड येतेच. म्हणून जुन्या मण्यांची माळ पाहताना, हा क्रम मूळचा आहे की नंतर कोणी ओवलेला, हे आधी विचारावे.

घडणीबद्दल एक गोष्ट जवळून सांगते. इटलीतील एट्रुस्कन लोकांच्या इसवी सनपूर्व सातव्या शतकातील दागिन्यांवर रवाकाम आहे, म्हणजे सोन्याचे अगदी बारीक कण पत्र्यावर ओळीने बसवलेले आहेत. काही कण एक दशांश मिलिमीटरच्या आसपास आहेत. नुसत्या डोळ्यांना तेथे मखमलीसारखी छटा दिसते, भिंगाखाली मात्र प्रत्येक कण सुटा आणि गोल दिसतो, आणि त्याच्या तळाशी झाळेचा, म्हणजे धातू जोडण्यासाठी वितळवलेल्या मिश्रधातूचा, ओघळ कोठेही नसतो. नेहमीप्रमाणे झाळले असते तर वितळलेली झाळ कणांच्या मधल्या फटी भरून टाकती आणि सगळी जादू बुजून जाती. एकोणिसाव्या शतकात रोममधील कास्तेल्लानी घराण्याने हे काम पुन्हा साधण्याचा खूप प्रयत्न केला, पण मूळ बारीकपणा त्यांना पूर्ण साधला नाही. १९३० च्या दशकात इंग्लंडमधील लिटलडेल यांनी एक रीत दाखवली: तांब्याचा क्षार आणि सरस यांच्या मिश्रणाने कण चिकटवायचे आणि तापवायचे. सरसाचा कोळसा होतो, तो तांब्याच्या क्षारातून तांबे मोकळे करतो, ते तांबे सोन्याशी स्पर्शबिंदूवरच मिसळते आणि सोन्याच्या १०६४ अंशांच्या वितळबिंदूच्या पुष्कळ खाली कण जडतो. मी शिकत असताना हा प्रयोग केला. पहिल्या चार वेळा कण वितळून पत्र्यात गेले. योग्य क्षण पृष्ठभागावरून सरकणाऱ्या एका क्षणिक चमकेवरून ओळखावा लागतो, आणि त्या क्षणी ज्योत बाजूला घ्यावी लागते. त्यानंतर एट्रुस्कन दागिन्यावरील सिंहाची आयाळ मी पाहिली तेव्हा त्या सिंहाचा अर्थ शोधण्याआधी त्या हाताला नमस्कार करावासा वाटला. ही वस्तू घालणारा माणूस तिच्याबरोबर ते कौशल्यही अंगावर मिरवत होता, आणि पाहणाऱ्यांना ते कळत होते.

कष्ट हाच अर्थ असल्याचे दुसरे उदाहरण सिंधू संस्कृतीचे आहे. तेथील लांब अकीक मण्यांना आरपार वेज पाडण्यासाठी खास कठीण दगडाच्या सळ्या वापरल्या जात. आधुनिक प्रयोगांत हा वेग तासाला सुमारे अडीच मिलिमीटर आला. दहा-बारा सेंटिमीटरच्या एका मण्यामागे किती दिवस गेले असतील याचा हिशोब कोणीही करू शकेल. त्यातच शेवटच्या टप्प्यात मणी तडकला की सगळे गेले. अकीकाचा तो लाल रंगही बहुतेकदा तापवून आणलेला असतो. अशी माळ कमरेला असणे म्हणजे अनेक हातांचा काळ आपल्या ताब्यात आहे हे न बोलता सांगणे होते.

कोणती बाजू कोणाकडे होती, हाही प्रश्न विसरू नये. मुघल काळातील जडावाच्या दागिन्यांत पुढे कोंदणात बसवलेले खडे जगासाठी असतात आणि मागे, त्वचेला टेकणाऱ्या बाजूला, मिनाकामाची फुले असतात. ती फक्त घालणाऱ्याला आणि दागिना उतरवून ठेवणाऱ्या हातांना दिसतात. त्याच काळातील २१७.८० कॅरटच्या एका कोरीव पाचूवर एका बाजूला अरबी प्रार्थना आहे आणि दुसऱ्या बाजूला फुले. त्यावरील हिजरी वर्ष ११०७ म्हणजे इसवी सन १६९५-९६. तो पाचू कोलंबियाच्या खाणीतला, समुद्रमार्गे येऊन येथे कोरला गेला. संग्रहालयात असे दागिने पाहताना मागच्या बाजूचे छायाचित्र आहे का, हे आवर्जून विचारावे. अफगाणिस्तानातील तिल्या तेपे येथे १९७८ मध्ये मिळालेला सोन्याचा मुकुट तर सुटा करून घडी घालता येतो, कारण त्यावरील झाडांच्या आकृत्या पट्टीवरून काढता येतात. भटक्या लोकांचे ऐश्वर्य घोड्यावर लादून नेता आले पाहिजे, ही एक गोष्ट त्या मुकुटातील झाडांच्या धार्मिक अर्थाइतकीच महत्त्वाची आहे.

मोलाची उतरंड कधी कधी मुद्दाम उलटीही केली जाते. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी प्रशियाच्या स्त्रियांनी सोने दिले आणि बदल्यात ओतीव लोखंडाचे दागिने घेतले, काहींवर ‘लोखंडासाठी मी सोने दिले’ अशी अक्षरे होती. त्या वर्षांत काळे लोखंड घालणे सोन्याहून मानाचे ठरले. तसेच १८६१ नंतर व्हिक्टोरियाच्या दीर्घ शोककाळात जेट या काळ्या, हलक्या, जीवाश्म लाकडाला मागणी आली, आणि मृताच्या केसांची वीण असलेले पदक गळ्यात घालणे हे प्रेमाचे लक्षण मानले गेले.

व्यवहारातील एक सूचना आहे: जुना दागिना हाती आला तर तो चकचकीत करण्याची घाई करू नये. माझ्या उमेदवारीच्या काळात एका चांदीच्या ताइताच्या खोबणीतील काळसर थर मी मळ समजून काढायला घेतला होता, आणि गुरूंनी वेळीच हात धरला. तो थर मेणाचा आणि तांबड्या मातीचा होता, म्हणजे ताईत वारंवार पूजेत असल्याचा एकमेव पुरावा. तो निघाला असता तर ताईत सुंदर दिसला असता आणि मुका झाला असता. मऊ कुंचल्याने धूळ काढावी, वजन आणि माप लिहून ठेवावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, तुटका फासा, जुने झाळकाम आणि बदललेला खडा यांची नोंद करावी, आणि तो कोणी कधी घातला याविषयी घरात जे सांगितले जाते ते शब्दशः उतरवून घ्यावे.

दागिन्याचा अर्थ घडणीबरोबर संपत नाही याचे उदाहरण मोहेंजोदडोच्या एका हाराचे आहे. त्यात हिरवट दगडाचे लांब मणी, मध्ये सोन्याच्या चकत्या आणि खाली अकीक व यास्परचे लोलक आहेत. १९४७ नंतर उत्खननातील वस्तूंची भारत आणि पाकिस्तान यांच्यात वाटणी झाली तेव्हा हा हार मधोमध विभागला गेला. अकीकाच्या लांब मण्यांचा एक कमरपट्टाही असाच मणी मोजून वाटला गेला. हाराचा एक भाग आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, दुसरा पाकिस्तानात. साडेचार हजार वर्षांपूर्वी ज्याने तो ओवला त्याला काय सांगायचे होते ते आपण अजून शोधत आहोत. त्याच्या मण्यांचे वेज मात्र दोन्ही देशांत पूर्वीसारखेच आहेत.